शिवतेजचा मावा

कोइमतूर, ४ सप्टेंबर २०२५

मामा,

पाया पडतो. हे पत्र अपेक्षा वाचून दाखवणार आणि तुम्ही तंबाखू मळत ऐकणार, हे मला माहीत आहे. पुरं होईस्तोवर उठू नका. फोनच केला असता, पण माझा आवाज ऐकला की तुम्ही फोन कापता, आणि अपेक्षाचं सिमकार्ड तुम्ही काढून ठेवलंय असं ऐकलं. म्हणून कागद. सातवीला शाळा सोडल्यापासून एवढं कधी लिहिलं नाही. चुकलं तर वाचणारीनं सांभाळून घ्यावं.

आईचा फोन आला होता. शिवतेजची गोळी तुम्ही बंद केली म्हणे. तुम्ही बहीणभाऊ बोलत नाही, तिला बाजारात कुणाकडनं तरी कळलं. ती म्हणाली, "तुझा मामा म्हंतोय, पोराचं तोंड आरशावानी झालंय, आता कशाला पायजे औषध."

मामा, तोंड आरशासारखं आहे ते गोळीमुळंच आहे. ती थांबवायची नाही. मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं, पण तेव्हा तुम्ही तिथं नव्हता. मधेच उठून बाहेर गेला. अपेक्षा पोराला घेऊन तुमच्यामागं पळाली. आत मी एकटा राहिलो. त्याचा तुम्हाला राग आहे की मी त्या बाईची बाजू धरली. मी कुणाची बाजू धरली नाही, मी नुसता बसून ऐकलं. ते ऐकलेलं लिहितो.

तुम्ही होता तोवरचं तुम्हाला आठवतच असेल. बाईंनी विचारलं, अंगावरचं दूध कधी तोडलं? अपेक्षानं सांगितलं, "मला टायफॉइड झाला तेव्हा." मग फोड कधी आले? त्याच्यानंतर. तेवढ्यात तुम्ही म्हणाला, "बाई, ह्यो मावा हाय. कोकरांच्या ओठावर फोड येत्यात, खपल्या धरत्यात, त्यो मावा. पोरगं वाघरीच्या जाळीत कोकरांसंगं लोळतंय, तितनंच लागलाय."

बाई हसल्या नाहीत, हे ध्यानात घ्या. त्या म्हणाल्या, "मावा माणसालाही होतो आजोबा, पण बहुतेक हाताला. ह्याच्या मागच्या जागेला आहे, बोटांच्या पेरांना आहे, केस चाललेत, वर जुलाब. हा मावा नाही." आणि मग त्यांनी ते विचारलं. "तुमची मुलगी आणि जावई नात्यातले का?"

"नात्यातले म्हंजे? सख्ख्या बहिणीचा ल्योक हाय. परक्यात कशाला दिऊ माझी लेक?"

बाईंनी कागदावर दोन माणसं काढली, दोघांच्या अंगात एकेक ठिपका काढला आणि सांगायला लागल्या की दोघांच्या रक्तात एकेक बारीक खोट असते. खोट शब्द निघाला आणि तुम्ही उठला.

त्याच्यापुढचं असं. त्या म्हणाल्या, आपलं अंग बारीक बारीक पेशींचं असतं. माझ्या डोक्यात काय शिरंना. मग त्यांनी विचारलं, तू काम काय करतोस? म्हटलं गलाई, जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करतो. तर म्हणाल्या, मग सोपं आहे. एक पेशी म्हणजे एक गलाईचं दुकान समज. आत भट्टी चालू. खाल्लेलं अन्न आत येतं, ते मोडायचं, कामाचं तेवढं काढायचं, नवं घडवायचं. आत कामगार लय. कुणी तोडणारा, कुणी जोडणारा. त्यातल्या शेकडो कामगारांच्या हातात जस्ताचा एक कण लागतो. तोच झिंक. आमच्या हातात जशी सांडशी. सांडशी नसली तर भट्टी पेटलेली आहे, माल आहे, माणूस उभा आहे, पण वितळल्या सोन्याची तापलेली मूस उचलणार कोण? काम बंद. नवी पेशी करायची तर जुनीतला नकाशा उतरवून घ्यावा लागतो, तो उतरवणाऱ्यालाही जस्त पाहिजे. कातडं, केस आणि आतड्याचं अस्तर सारखं नवं होत असतं. म्हणून पहिली बोंब तिथं उठते.

आता आपल्या पोराचं. आतड्याला जस्त आत घ्यायचं एक दार असतं. शिवतेजचं ते दार जन्मापासून अडकलेलं आहे. आईच्या दुधातलं जस्त तरी कसंबसं आत सरकत होतं, म्हणून अंगावर पीत होता तोवर कुणाला कळलं नाही. भाकरी-डाळीतलं तेवढंही जात नाही. गोळीनं काय होतं, दारापुढं एवढी गर्दी होते की थोडं फटीतनं आत जातंच. आणि अंगात जस्ताची तिजोरी नसते. आजचं आज खर्च. म्हणून रोज. म्हणून जन्मभर.

मलाही धास्ती होती. आमच्याकडं दागिन्याच्या जोडात जस्त असलं की भट्टीवर पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की ताप भरतो. बाईंना तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "मीठ डोळ्यात गेलं तर झोंबतं, म्हणून भाकरीत घालायचं नाही का?"

गोळ्यांची पाकिटं कृष्णातबरोबर धाडतोय. तो आपल्याच दुकानातला, दिघंचीचा पोरगा, घरी निघालाय. गोळी चमचाभर पाण्यात विरघळते. एवढंच करा.

तुमचा भाचा,
बिराप्पा


सेलम, २२ सप्टेंबर २०२५

मामा,

पाया पडतो. वरचा पत्ता बदललाय. कोइमतूरच्या शेठशी पटलं नाही, इथं भाऊसो म्हणून विट्याकडचाच एकजण आहे, त्याच्या दुकानात लागलो. तुम्ही म्हणणार, "झालं, परत हाललं ह्ये." म्हणा.

मी कोइमतूरला होतो तेव्हाच कृष्णात परत आला, तो पाकिटं तशीच घेऊन आला. तुम्ही काय काय बोललात ते त्यानं तुमचा आवाज काढून सांगितलं, दुकानातले सगळे हसले. मला हसू आलं नाही. "तेला म्हणावं, तासगावात बागंत खतासाठी मेंढरं बसवायला गेलतो तवा झिंकची पोती बघितल्यात मी. द्राक्षाचं पान बारीक पडलं की फवारत्यात. माझा नातू काय द्राक्षाचा येल हाय व्हय?"

मामा, खरं सांगू का, तुम्ही तिथंच बरोबर बोललाय. वेलीला जस्त कमी पडलं की पान वाढत नाही, शेंडा खुंटतो. पोराला कमी पडलं की पोराचं तेच. वेलीच्या पानातसुद्धा पेशीच असतात. पोत्यातलं पोराला द्यायचं नाही, गोळीतलं द्यायचं. पण चीज तीच.

दुसरं तुम्ही म्हणाला, "मावा एकदा गेला की त्या कोकराला परत होत न्हाई. गेला, संपलं." हे पण खरं आहे. मेंढराचं तुमच्यापुढं मी काय बोलणार, माझं निम्मं आयुष्य परमुलखात गेलं. पण तुमच्याच हिशेबानं बघा. मावा एका कोकराला झाला की आठवड्यात सगळ्या वाघरीत पसरतो. दूध पाजणाऱ्या मेंढीच्या सडाला लागतो. शिवतेजचं उष्टं तुम्ही खाता. मामी त्याचे मुके घेते. अपेक्षा त्याला उशाशी घेऊन निजते. तुमच्या एकाच्या तरी ओठावर फोड आला का? आणि मावा झालेल्या कोकराची लोकर गळलेली तुम्ही कधी बघितली?

तिसरी गोष्ट. अंगणवाडीत जुलाबावर त्याला झिंकच्या गोळ्या दिल्या होत्या, मिरजेला जायच्या आधी. तेव्हा फोड बसले होते. गोळ्या ठरल्याप्रमाणं संपल्या, थोड्या दिवसांनी फोड परत आले. जुलाबाला तेवढ्याच देतात, त्यात त्यांची चूक नाही. पण बाई म्हणाल्या, ह्यावरनंच मला वाट सापडली. मग रक्त काढलं, त्यात जस्त तळाला गेलेलं.

म्हणजे एकदा हे झालंय मामा. दुसऱ्यांदा आता होणार.

पुढच्या चार ओळी वाचणारीनं मनात वाचाव्यात, मोठ्यानं नको. तुझ्यावर राग नाही. म्हसवडच्या मेडिकलात जाणारे ते एकटेच आणि तू त्यांच्या घरात, हे मला कळतं. तरी हात लावून बघ, त्याच्या ओठाचा कोपरा ओलसर लाल झाला की ती सुरुवात असते. शेजारच्या अंजनाताईंच्या फोनवरनं कळव. माझा नंबर तोच आहे.

मामा, तुम्हाला वाटेल ही गप्प का झाली. शाई पुसली होती, अक्षर लागत नव्हतं.

पाकिटं परत धाडतोय, ह्या खेपेला कुरिअरनं. फेकू नका.

बिराप्पा


सेलम, ९ ऑक्टोबर २०२५

मामा,

काल अपेक्षाचा फोन आला, अंजनाताईंच्या फोनवरनं. तिला रागावू नका, आधीच सांगतो.

मी विचारलं, कसा आहे? ती म्हणाली, "टोपडं काढलं तर टोपड्यात केस आलं."

"आणि तोंड?"

"तोंडावर आबा हळद-लोणी लावत्यात. खालनं पण आलंय. लंगोट बांधला की किंचाळतंय. मांडीवर बसंना. आधी कसं चालायचं वो, कुत्र्यामागं, मेंढरामागं. आता उचलून ठेवलं तिथंच बसतंय."

"कुरिअरचं पाकीट?"

"आबांनी वर आढ्याला खोचलंय. फेकलं न्हाई."

"मग काढ की आणि दे."

"आवं, तुमी लांबनं बोलताय. तुमाला काय जातंय?"

मी फोन ठेवला. तिचं चुकलं नाही.

मामा, आता तुमच्याशी वाद घालत नाही. मागची दोन पत्रं मी हुशारी दाखवत लिहिली, भट्टी काय, दार काय, मेंढीचे सड काय. त्यातलं सगळं विसरा.

बाई पुढं एक बोलल्या होत्या, ते मी मुद्दाम लिहिलं नव्हतं, कारण हे पत्र पोराची आई वाचते, आजा ऐकतो. आता लिहितो. हा आजार कळला नाही तर अशी पोरं वाळत जातात. आतड्याचं अस्तर नवं होत नाही म्हणून खाल्लेलं लागत नाही, रोगाशी झुंजणाऱ्या पेशीच तयार होत नाहीत म्हणून साधा खोकलासुद्धा छातीत उतरतो. आणि मग जातात. जुन्या काळी जायचीच, कशानं गेलं तेही कळायचं नाही. आणि कळलं तर? तर म्हणाल्या, "कळलं तर काहीच नाही रे, गोळी घेईल, शाळेत जाईल, तुझ्यासारखा उनाड होईल."

मामा, मला असं वाटतं, चुकलं तर सोडून द्या, की तुम्हाला मावाच हवा आहे. मावा मेंढरातनं येतो. मावा असला की कुणाच्या रक्ताकडं बोट जात नाही. आई तिकडं म्हणते खोट तुझ्या मामीच्या माहेरची. मामी म्हणते हरणाबाईच्या, म्हणजे माझ्या आईच्या, सासरची. आणि तुम्ही बसून मनाशी म्हणता की मी हौसेनं भाच्याला लेक दिली आणि नातवाला हे दिलं. असं नाही मामा. ठिपका माझ्या अंगात होता, तिच्या अंगात होता, दोघांनाही कधी टोचला नाही. तुमच्यात, आईत, आज्ज्यात कुणाकुणात असेल ते देवालासुद्धा सांगता येणार नाही. आमच्या दुकानात गुंजभर सोनं तोलायचा काटा आहे. हे कुणाकडनं किती आलं ते तोलायचा काटा कुठंच नाही.

तर मावाच म्हणा. चारचौघांत मावा म्हणा, आईला सांगा मावा होता, मी पण मावाच म्हणीन. डॉक्टरचं नाव काढणार नाही. पण आढ्यातलं पाकीट खाली काढा. आजच काढा. हे वाचून झालं की.

अपेक्षा म्हणाली ते खरं आहे, मला लांबनं बोलायला काही जात नाही. म्हणून एक सांगतो. कोइमतूर मी शेठशी भांडून सोडलं नाही. मी घरी यायलाच निघालो होतो. सेलमला गाडी थांबली, चहाला उतरलो आणि परत चढलो नाही. तुमच्या दारात येऊन उभं राहिलो आणि तुम्ही मेंढरं घेऊन तसेच पुढं निघून गेला तर काय करायचं, ते काही सुचेना.

बिराप्पा


सेलम, ३१ ऑक्टोबर २०२५

मामा,

पाया पडतो. दिवाळी करून कोइमतूरला परत जाताना कृष्णात इथं सेलमला उतरला. त्याला मी एक दिवस सुट्टी घालून तुमच्याकडं पाठवला होता, तो पाव्हणा म्हणून आला नव्हता, बघायला आला होता. तुम्ही ते ओळखलं असं तो म्हणाला.

त्यानं सांगितलं ते मी त्याच्याकडनं तीनतीनदा वदवून घेतलंय. तो वैतागला. "गड्या, आता काय पिक्चर काढतोस का काय ह्याच्यावर?"

म्हणाला, अपेक्षानं त्याला सांगितलं, तिनं पत्र वाचलं तेव्हा तुम्ही तंबाखू हातातच ठेवली. मावाच म्हणा ही ओळ आली तेव्हा तुम्ही म्हणाला, "परत वाच." तिनं परत वाचली. मग तुम्ही उठला आणि पाकीट काढलं. पाकिटातल्या गोळ्या सरायला आल्या तेव्हा स्वतः म्हसवडला एसटीनं गेला आणि मेडिकलवाल्याला म्हणाला, "मावाचं औषध द्या." तो म्हणाला, मेंढराचं औषध इथं मिळत नाही आजोबा. तर तुम्ही, "मेंढराच्या मावाचं न्हाई रं, पोराच्या मावाचं!" आणि रिकामी पट्टी काढून त्याच्यापुढं आपटली. तो बिचारा बघतच राहिला म्हणे.

आणि सकाळचं. मेंढरं सोडायच्या आधी तुम्ही पोराला मांडीवर आडवा घेता. डाव्या हातानं जबडा धरता, चमचा ओठाच्या कोपऱ्यातनं घालता आणि गळ्यावरनं बोट खाली चोळता, कोकराला औषध पाजतात तसं. पहिल्यांदा बोंबलला. आता तुम्ही चमचा घेतला की आपणच तोंड उघडतो. मामी म्हणाली, "आवं पोरगं हाय ते, कोकरू न्हाई." तर तुम्ही, "गप. थुकलं का? न्हाई न्हवं?"

फोड आठ-पंधरा दिवसांत वाळले. डोक्यावर लव आलीय. कृष्णातनं फोटो दाखवला, त्यात तो कुत्र्याचं शेपूट धरून उभा आहे. कुत्र्याचं तोंड बघण्यासारखं आहे.

कुणी विचारलं तर तुम्ही सांगता म्हणे, "जुना मावा हाय, हटणारा न्हाई. जलमभर औषध हाय तेला." मामा, ह्याच्याहून बरोबर तर बाईंनी पण सांगितलं नव्हतं. एक तेवढं लक्षात असू द्या, मधनंमधनं रक्त तपासावं लागतं. जस्त जास्त झालं की अंगातलं तांबं कमी पडतं. मिरजेला मी घेऊन जाईन. तुम्हाला आत यायला लागणार नाही, बाहेर बसा.

आता तुमचा निरोप. कृष्णात तो सांगायला तयारच नव्हता, मला वाईट वाटेल म्हणून. शेवटी म्हणाला, "तात्याबा म्हणालं, रोज पाजायचं औषध हाय. रोज दिसणारा माणूस पायजे. मी काय आता जलमभर पुरायचा न्हाई. आज कोइमतूर, उद्या सेलम, परवा कुठं, असल्या बापाच्या हातात चमचा कसा दिऊ?"

मला वाईट वाटलं नाही. खरं तर वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मूस उचलताना तुमचंच म्हणणं बरोबर वाटलं.

भाऊसोला सांगितलं, जातो. तो म्हणाला, "कुटं? नवं दुकान बघितलं का?" म्हटलं, मेंढरामागं. "अरं येडा का खुळा तू? लोकं मेंढरं इकून गलाईला येत्यात आन तू सोनं सोडून मेंढरामागं चाललास?" म्हटलं, जमलं तर राहीन, न जमलं तर तुमच्याकडंच येईन, पण पोराला आणि तिला घेऊन येईन. तो म्हणाला, मग खोली बघून ठेवतो, तुझा काय नेम नाही. दोन्ही तयारी आहे असं समजा. पण एकटा आता कुठं जाणार नाही.

दिवाळी झाली म्हणजे तुम्ही मेंढरं आणि बिऱ्हाड घेऊन कृष्णाकाठाला उतरायच्या तयारीत असणार. कृष्णात म्हणाला, ह्या साली उंब्रजकडं. ऊस तुटलेल्या रानांत मेंढरं बसवायची ठरलीत. बरंच झालं. बेंगळुरूहून पुण्याला जाणारी गाडी उंब्रजवरनंच जाते. मी हायवेला उतरतो. कुठल्या रानात आहात ते कळवायची गरज नाही, धनगरांची मेंढरं कुठं बसलीत हे उंब्रजात कुणीही सांगेल.

ह्या वेळी सेलमला चहा पिणार नाही. गाडी इथनंच पकडायची आहे.

आल्या आल्या चमचा माझ्या हातात देऊ नका. थोडे दिवस तुम्हीच पाजा, मी पोराला धरतो. गळ्यावरनं बोट कुठनं कुठं चोळायचं ते मला दाखवा.

तुमचा जावई,
बिराप्पा